गारव्याची खिडकी

डब्याचं झाकण खणकन फरशीवर पडलं आणि उधना भागातल्या दवाखान्यातली दुपारची शांतता मोडली. योगितानं ते उचललं आणि घरच्या पत्र्याखाली घामोळ्यांनी लाल झालेली लेकीची मान पदरानं हलकेच टिपली. समोरच्या बाकावर एक घरमालकीण आपल्या भाडेकरणीला सांगत होती,

“इंदुबाई, नवा कूलर लावला तरी घरात नुसती वाफ. पापड मऊ पडले, गुडघे धरले.”

“मिस्त्री काय म्हणाला, भागीरथीताई?”

“म्हणे, समोरची खिडकी उघडी ठेवा, म्हणजे दमट हवा बाहेर जाईल.”

“मग ठेवा की.”

“ती तुझ्या दाराशी उघडते ना. सगळा गारवा तुझ्याकडे जायचा.”

“जाऊ द्या थोडा. आमचे हे रातपाळी करून येतात न् दिवसभर पत्र्याखाली तळमळतात. जरा डोळा लागेल त्यांचा.”

“कूलर माझा, आणि झोपणार तुझा नवरा?”

“बरं, राहिलं. तुमचे पापड आणा आमच्या पत्र्यावर, भाजूनच निघतील. येताना गुडघेही आणा, फुकटात शेकून देते.”

मालकिणीनं तोंड फिरवलं. लेक मान खाजवत योगिताच्या कानाशी आली.

“आई, यांनी खिडकी उघडली, तर आपला पत्रा सोडून आपण त्या खिडकीपाशी राहायला जायचं?”