नखांच्या दिव्याखाली

आत्या: अगं पण हा नखांचा दिवा आहे! जेल पॉलिश सुकवायचा. ह्याच्यावर फोटो छापणार तू?

मी: उजेड तोच लागतो, अतिनील. बाबांच्या फोटो छापायच्या पेटीतल्या नळ्या गेल्यात आणि चार दिवस ऊन नाही.

आत्या: मग पडू दे की ऊन.

मी: कागद थांबणार नाही, आत्या. बाबांनी जायच्या दोन दिवस आधी ह्यावर रसायनाचा लेप दिला. वीस दिवस होत आले. काळ्या पाकिटातसुद्धा तो आपोआप निळा पडत जातो, मग फोटो उमटत नाही. आणि त्यांच्या हातचा हा एकच उरलाय.

आत्या: एकच? आणि फसला तर?

मी: म्हणून आधी मी लेप दिलेल्या तुकड्यावर करून पाहिलं. हा बघ.

आत्या: अय्या! निळाशार! माझ्या दिव्यानं?

मी: सहा वेळा बटण दाबलं तेव्हा. दर दोन मिनिटांनी बंद पडतो ना तो.

आत्या: थांब, दाराला कडी घालते. पार्लर बंद! निगेटिव्ह कसली आहे, दाखव तरी. ह्या... कपबशा?

मी: ओट्यावर उपड्या घातलेल्या. पाकिटात कागदाबरोबर हीच होती.

आत्या: जन्मभर फोटोसाठी लोकांना नटवून खुर्चीत बसवलं आणि शेवटी कपबशा. दादाच तो!

मी: पडदा ओढ. आता कागद, त्यावर निगेटिव्ह, वर काच. ठेव दिवा. आत बघू नकोस हं.

आत्या: मला शिकवतेस? रोज बायकांना मीच ओरडते. दाबू?

मी: दाब. एक.

(दिवा पाच वेळा बंद पडतो, पाच वेळा पुन्हा लागतो.)

आत्या: सहा झाले! उचल, उचल! अगं बाई, हा तर राखेसारखा झालाय. गेला का?

मी: नाही, असाच व्हायला हवा! पाणी कुठे?

आत्या: केस धुवायच्या बेसिनमध्ये चालेल?

मी: पळेल! फक्त शाम्पू नको.

आत्या: पिवळं सुटतंय गं सगळं...

मी: सुटू दे. हलव हळूहळू.

आत्या: आला! कपाचा कान आला! अरे दादा, बघ ना—

मी: आत्या, मी आहे.

आत्या: सवय गं.

मी: असू दे. बशीचा टवकासुद्धा आलाय, बघ.

आत्या: कात्री आणू? कडेचे हे ब्रशचे फराटे तो नेहमी कापून टाकायचा.

मी: थांब जरा. वरचे फराटे सरळ आहेत. इथून थरथरायला लागलेत.

आत्या: मला तर फोनवर म्हणाला, हात आता ठीक आहे.

मी: मलाही. इथे मध्यावर ब्रश थांबलाय. तेवढा पट्टा गडद झालाय.

आत्या: दमला असेल.

मी: आणि मग परत सुरू केलंय. अगदी खालपर्यंत.

आत्या: ...कात्री आत ठेवते.