मागायला आलाता त्यो

तर पावणं, माझं म्हणणं एवढंच — बाईचा पाय मोडला, तर मोडणाऱ्याला शिक्षा झाली पायजे. व्हय का न्हाय? आत कोर्टात हायत बघा दोघं, आमची मंडळी आन् त्यो अमरसिंह. कागलच्या एमआयडीसीतनं ड्यूटी सुटून येताना मोबाईलवर बोलत गाडी घातली हिच्या अंगावर. मांडीत सळी हाय हिच्या, चार महिनं पडून हुती. फिर्याद कुणी दिली? मी. दोन वर्सं तारखा कुणी केल्या? मीच, शिवाजी पेठेतलं हार्डवेअरचं दुकान बंद ठेवून. आन् आज ही साहेबांम्होरं म्हणणार, माझी काय तक्रार न्हाय, मिटवून टाका! वकील म्हणतोय, बापूसो, जखमी त्या हायत, माफ करायचा अधिकार त्यांचा. मग आमी कोण वो? ड्रायव्हर? मी आत बसायचोच न्हाय म्हटलं.

आमी जैन. पर्युषण संपलं की क्षमावाणी असती आमच्यात — वर्षात कुणाचं मन दुखावलं असंल तर हात जोडून माफी मागायची, समोरच्यानं द्यायची. ह्या पोराला कुणी सांगितलं कुणास ठाऊक, बरोबर त्याच दिवशी दारात हजर! हात जोडले, रडला. आन् हिनं काय करावं? आत बोलावलं, चहा दिला, वर डोक्यावरनं हात फिरवला! खोटं कशाला बोलू पावणं — टाळकं फिरलं माझं. नऊ वर्सं झाली, ही माझ्याशी धड बोललेली न्हाय. वाढती, इस्त्री करती, सगळं करती — पर माझ्याकडं बघून एकदा हसली असंल तर शप्पत. आन् ह्या कोण कुठल्याला एका चहात माफी! जळतोय मी, व्हय, जळतोय. त्याला जेल व्हावी असं काय पायासाठी वाटतंय व्हय मला?

काय? नऊ वर्सांमागं? काय न्हाय वो. दुकानाचा मुहूर्त हुता. सकाळी निपाणीस्नं फोन आला, हिची आई लै सिरियस हाय म्हणून. मी म्हटलं, पत्रिका वाटून झाल्यात, माणसं यायला लागल्यात, मुहूर्त हू दे, उद्या जाऊ. म्हातारी त्याच दिवशी जाईल हे मला काय म्हाईत? गेल्याचा फोन माझ्याकडंच आला, दुपारी चारला. आन् मी... संध्याकाळी सांगितलं. सगळी गेल्यावर. तवर ही पेढे वाटत हुती, हसून हसून. मग कार्याला गेल्यावर हिच्या भावानं सांगितलं हिला, चारलाच कळवलंतं म्हणून. झालं, तवापासनं हे असं.

माफी? मागतो की! दरसाल मागतो. क्षमावाणीला चारशे लोकांना मेसेज टाकतो मी — गिऱ्हाईक, पै-पाहुणं, बँकेतला साहेब — त्यात हिचा बी नंबर हाय. निळ्या टिका पडत्यात. म्हंजे वाचती न्हवं? मग आन् काय बायकोम्होरं हात जोडून उभं ऱ्हायचं? काल न राहवून विचारलं, ह्यालाच कशी गं माफी? तर म्हणाली, ‘मागायला आलाता त्यो.’ एवढंच. आन् लागली भाकरी थापायला.

आली बघा. मिटलं वाटतं. त्यो पाया पडाय लागलाय हिच्या — हसली! बघितलासा? हसली की!

अगं, सरळ हिकडं ये. बस जरा. मी काय म्हणतो — त्या मुहूर्ताच्या दिवशी, चार वाजता, मी... न्हाय. काय न्हाय. बस तू, गाडी आणतो मी.

आन् तुमी काय बघताय वो पावणं? जावा की आत! पुकारा झालाय तुमचा कवाच!