हलत्या हातांचा चमचा

—नाही हो वकीलबाई, उगाच पायपीट केलीत. तुमच्या कंपनीला तसलाच चमचा काढायचाय, स्वस्तात विकायचाय, सगळं मान्य—पण पेटंट आमच्या कंपनीचं आहे ना! अर्ज करण्याआधी मी तो चारचौघांत दाखवला होता का, हेच विचारायला आलात ना? दाखवला असता तर पेटंट रद्द होतं, हे काय मला ठाऊक नाही? नव्हता दाखवला. तसं लिहून दिलंय मी, सहीनिशी. झालं? पण उठू नका हो, बसा. इथे मीटर बघणारा सोडला तर कुणी येत नाही, आणि तोही जिन्यातूनच परततो.

चालतो कसा, ते तरी विचारा की! सोप्पं आहे—दोन कड्या, एकीत एक, खाली वजन. हात कितीही थरथरू दे, चमचा आपला सरळच्या सरळ. बायकोसाठी केला होता, तिचे हात हलायचे. तीन वर्षं भरवलं मी तिला, पण तिला ते आवडायचं नाही, तोंड फिरवायची. मग आमच्या कंपनीच्या साहेबांनी बघितला—बघितला असेल कुठेतरी—आणि पेटंट घेतलं. घेतलं, आणि फाइल कपाटात! का? तर कंपनीचा मोटरवाला महागडा चमचा जोरात खपत होता. साहेब त्याला धोरण म्हणायचे. मी म्हणतो, आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना. पण तोंडावर कधी बोललो नाही हं. पेटंटवर शोध लावणारा म्हणून माझं नाव आहे. तेवढंच राहिलंय माझ्याजवळ.

ती? ती गेली, चार वर्षं झाली. हा फोटो तिचाच—अहो, जवळ घेऊन बघा! कंपनीचं वार्षिक जेवण. भरलेला हॉल, गिऱ्हाईकं, माल पुरवणारे, सगळे—आणि ही आपल्या हातानं सूप पितेय! एक थेंब सांडला नाही. शेजारच्या टेबलावरचे उठून आले, कसा केला विचारायला, आणि मी आपला कागदी रुमालांवर चित्रं काढून देतोय, एकाला, दुसऱ्याला, दहा-बारा जणांना! इतका आनंद मला जन्मात—

काय बघताय? फोटोवरची तारीख?

अहो, पेन कशाला काढलंत? ठेवा ते. घरगुती बोलणं होतं. एकटा माणूस, बोलायला कुणी नाही, सुटली जीभ—त्याचा असा फायदा घ्यायचा? पेटंट गेलं तर माझं नाव जाईल हो. मग मी कोण? बोला ना. अशा गप्प बसू नका. तीही अशीच गप्प बसायची, मी भरवायला लागलो की.

बरं. लिहा. अर्जाच्या चार महिने आधी, सगळ्यांदेखत. मी खोटं लिहून दिलं होतं, तेही लिहा. सही कुठे, इथे? घ्या. आता उठा. नाही, काही बोलू नका, निघा. आणि फोटो न्या, पुरावा लागेल ना तुम्हाला—पिशवीत नीट ठेवा, काच आहे.