आरीचा गॅस, मार्लूसचे टोमॅटो

(नेदरलँड्समधलं नाल्डवाइक. टोमॅटोच्या काचगृहाच्या ऑफिसात बाप आणि लेक. काचेपलीकडे रिकाम्या रांगा.)

आरी : दलालाला, हुबला सांगितलंस ना, गॅस विकून टाक म्हणून?

मार्लूस : नाही. चार वाजेपर्यंत थांब म्हटलं.

आरी : थांब? अगं, वसंतात मी अख्ख्या हिवाळ्याचा गॅस ठरलेल्या भावाने घेऊन ठेवला, तेव्हा गाव मला हसत होतं. आज भाव पाचपट झालाय. बाजारात परत विकला की बसल्या जागी तीन वर्षांची कमाई.

मार्लूस : आणि काचगृह?

आरी : राहील एक हिवाळा रिकामं. काच काही नासत नाही.

मार्लूस : उद्या रोपं येतायत, बाबा. माझी पहिली लागवड आहे.

आरी : रोपवाल्याची भरपाई करू.

मार्लूस : आणि दुकानांची? तिथे आपल्या जागी एकदा स्पेनचा टोमॅटो बसला, की तो उठत नाही.

आरी : हे बघ, तुझ्या आजोबांच्या वेळी गॅसवाला एकच होता. तो म्हणेल तो भाव, आम्हा सगळ्यांना सारखा. त्यात कुणी हुशार ठरत नव्हतं, कुणी मूर्खही नाही. आता नळी एकाची, गॅस दुसऱ्याचा आणि भाव ठरवणारा तिसराच. अशा बाजारात कधी नव्हे तो आपला नंबर लागलाय.

मार्लूस : तिसरा कुणी नसतो, सगळे मिळून ठरवतात. नॉर्वेहून येणारी गॅसची नळी दुरुस्तीला काढली किंवा जर्मनीत थंडी वाढली, की आपल्या स्क्रीनवर आकडा चढतो. तुम्हीच शिकवलंत मला.

आरी : म्हणून आता मलाच शिकव.

मार्लूस : शिकवतेच. गॅस महागला की वीजही महागते. संध्याकाळी वारा पडला की कमी पडणारी वीज गॅसवरच बनते, आणि मग सगळीच वीज तिच्या भावाने जाते. गॅसवर वीज बनवणारं ते इंजिन कुणी बसवलं इथे?

आरी : मी. एवढं मोठं धूड बघून शेजारचा कोर विचारत होता, जहाज आणलंस का म्हणून.

मार्लूस : ते जहाज संध्याकाळी चालवायचं. वीज बाजारात, गरम पाणी टाकीत, धूर साफ करून त्यातला कार्बन डायऑक्साइड रोपांना. तुम्ही गॅस विकून मोकळे होणार. मी त्याच गॅसची वीज विकणार आणि वर टोमॅटो काढणार.

आरी : फेब्रुवारीत भाव कोसळले तर?

मार्लूस : निम्मी वीज आजच ठरलेल्या भावाने विकून टाकलीय. हिवाळा संपेपर्यंतची.

आरी : मला न विचारता?

मार्लूस : सही आता माझी चालते, बाबा.

आरी : तरी माझ्या हिशेबापेक्षा कमीच मिळणार.

मार्लूस : कमीच मिळणार. पण मला गॅसची दलाली नाही करायची, टोमॅटो पिकवायचेत. भीती वाटते, नाही असं नाही. पण मला जमेल.

आरी : आण तो फोन इकडे... हुब? आरी बोलतोय. नाही, काही विकायचं नाही... भाव दिसतोय रे मला... वेड लागलंय, बरोबर. मला नाही, मार्लूसला. पण इथे आता तिचंच चालतं... बरं, ठेवतो.

मार्लूस : बाबा...

आरी : बसू नकोस. आत्ताच गरम पाणी सोड पाइपांत. रोपं लावायच्या गाद्या गार राहिल्या तर मुळं धरत नाहीत.