मारुतीचं तेल

हसू नका बे, सांगायची लाजच वाटती. निजामाच्या राज्यात बीडजवळ आमच्या मालकांनी घरीच विमान बांधलं होतं. त्याची चाकं तेलाच्या हातपंपानं आत-बाहेर व्हायची. पंपात एरंडेल भरायचं काम माझं. एकदा एरंडेल सरलं, ते नेमकं शनिवारी. शनिवारी तेल इकत कसं आणायचं? मी देवळात मारुतीवर वाहिलेलंच गोळा केलं अन् न गाळता भरलं.

मालक उडाले, पण उतरताना चाकं बाहेर येईनात. विमान पोटावर घसरत ज्वारीच्या रानात घुसलं. मालक वाचले. त्यांनी पंप उघडला, तर आत शेंदूर अन् उडदाचे दाणे.

मी मान खाली घालून म्हणलो, "मालक, शनिवार होता."

शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ते हळूच म्हणाले, "मिस्त्री, मारुतीला उतरायला चाकं लागत न्हाईत. मला लागत्यात."