चार नंबरची बॅटरी

टक्! असा आवाज यायचा बघा, पायाखालचं पेडल दाबलं की सीटच्या खालून एकदाच, टक्, आणि मग गाडी हूं करून निघायची. सदतीस वर्षांपूर्वी गोल्फच्या मैदानावर, तिथल्या बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या गाड्यांच्या शेडमध्ये कामाला लागलो, त्या पहिल्या सकाळी ऐकला तो आवाज, तो अजून कानात आहे. आणि आमच्या घरच्या गाडीनं तो आवाज सोडून टक-टक-टक-टक सुरू केलं ना, थंडीत दात वाजावेत तसं, तेव्हा पहिल्याच दिवशी मला कळलं होतं हो! पहिल्याच दिवशी! पण सांगू कुणाला? आणि सांगू कसा?

तुम्हाला सांगतो, फक्त मध्ये बोलू नका. एवढी एक मेहेरबानी करा. कारण माझं असं आहे, मला बोलायला वेळ लागतो. लहानपणापासून. मी "मला" म्हणतो, मग जरा थांबतो, आणि मी थांबलो की समोरचा माझं वाक्य पुरं करून, त्याला उत्तर देऊन, चहा पिऊन निघून गेलेला असतो. शाळा चौथीपर्यंतच झाली, तीही यामुळेच. गुरुजींनी विचारायचं, मी उभं राहायचं, आणि मी तोंड उघडेपर्यंत घंटा!

तर मला फक्त दोन शब्द बोलायचे होते. चार नंबर. बास. एवढंच.

सीटखाली सहा बॅटऱ्या असतात, एकीला एक जोडलेल्या, हातात हात धरून उभ्या असल्यासारख्या. त्यातली एक ढिली पडली की बाकीच्या पाच कितीही धडधाकट असोत, गाडी त्या एकीच्या चालीनं चालते. आमच्या गाडीतली चार नंबरची वर्षभर कुरकुरत होती, बाकीच्यांपेक्षा दुप्पट पाणी प्यायची. मला नाही कळणार? शेडमध्ये मला पाणीवालाच म्हणायचे, पस्तीस वर्षं बॅटऱ्यांना पाणीच घातलं मी! आणि निवृत्त झालो तेव्हा मोडीत निघालेली ही एक गाडी मला देऊन टाकली, की घे बाबा, तुझीच आहे.

ती गाडी म्हणजे आमच्या हिचे पाय. हिचा गुडघा गेलाय. डॉक्टर म्हणाले, "चढ चढायचा नाही. चढलात तर पुन्हा माझ्याकडे येऊ नका." आणि आमच्या घरासमोरून चढच सुरू होतो, विजेचे अकरा खांब लांब, आणि अकराव्या खांबापाशी हिची थोरली बहीण राहते, अक्का. अक्का कंबर मोडून अंथरुणाला खिळलेली. रोज चार वाजता ही कंगवा घेऊन गाडीत बसायची, मी वर सोडायचो, ही अक्काचे केस विंचरायची. अक्का दुसऱ्या कुणाला केसांना हात लावू देत नाही. म्हणते, "सून विंचरत नाही गं, उपटते."

चाललं होतं ना सगळं? मग जावई आले.

आता जावई माणूस चांगला, त्यात शंका नाही. पंधरा दिवसांची रजा काढून आले होते, हाताला काम नाही, आणि रिकाम्या हातांना आमची गाडी दिसली. "मामा, ही गाडी अशी जमिनीला पोट लावून काय चालते? उचलू या! उंच गाडीची वट वेगळी!" मी म्हणालो, "जावईबापू, मला..." "काळजी नको मामा, खर्च माझा!" घ्या! मी कुठं खर्चाचं बोलत होतो?

वेल्डर आला. स्प्रिंगा वर, दांडे वर, खाली ही एवढाली चाकं, गाडी सहा इंच उचलली. झाली वट! पण ही चढणार कशी? मग एक प्लॅस्टिकचं स्टूल आलं, स्टुलावर ही, हिला मागून मी, पुढून जावई... आणि समोरच्या गॅलरीत सगळी गल्ली. "काकू, विमानात बसताय की काय?"

पहिल्या दिवशी गाडी निघाली आणि सातव्या खांबापाशी टक-टक-टक-टक, संपली. अहो, मोठ्या चाकांना फिरवायला जोर जास्त लागतो, लहान चाकांवर चार नंबरची कशीबशी रेटत होती, मोठी लागली आणि तिनं मान टाकली. मी खाली उतरलो, सीटवर हात ठेवला, म्हणालो, "चा..." वेल्डर म्हणाला, "चहा नंतर बाबा, आधी गाडी ढकला!"

ही तिथं वर बसलेली, उंचावर, मखरात बसवल्यासारखी, हातात कंगवा, आणि आम्ही तिघं उलटं ढकलत खाली आणतोय. हिनं डोक्यावरून पदर घेतला आणि डोळे मिटले. मला वाटलं, झोपली. झोपली नव्हती.

मला फक्त दोन शब्द बोलायचे होते!

तेवढ्यात व्हिडिओभाऊ आले. आमच्या शेजारचे. त्यांना सगळे व्हिडिओभाऊच म्हणतात, कारण ते काही करत नाहीत, पण सगळं बघितलेलं असतं. नाकात बोलतात. "हँ हँ, याचा व्हिडिओ आहे माझ्याकडे! केबल बारीक आहे तुमची. जाड केबल टाका, करंट कसा धो धो येईल!" जाड केबल टाकली. आता खोटं कशाला बोलू, केबल खरंच बारीक होती. गाडी आठव्या खांबापर्यंत गेली. आठव्या! तिथं मेली. व्हिडिओभाऊ म्हणाले, "प्रगती आहे."

मग कंट्रोलर. म्हणजे मोटरला करंट मोजून देणारा डबा असतो, तो मोठा बसवला. तुम्हाला सांगतो, गाडी अशी उडाली, अशी उडाली की हिचा चष्मा मागच्या गटारात! आणि पाचव्या खांबाला खलास. आधी सावकाश सातव्याला मरायची, आता झपाट्यानं पाचव्याला मरायला लागली. मरणारच! जेवढी जास्त ओढाल तेवढी चार नंबरची लवकर बसणार. जावई म्हणाले, "पण मामा, पॉवर बघितलीत का?"

जावयांनी मीटर आणला. सहाही बॅटऱ्या तपासल्या, सगळ्यांवर काटा सारखाच. "बघा मामा! सगळ्या ठणठणीत!" अहो, गाडी उभी असताना सगळ्याच ठणठणीत असतात! खुर्चीत बसलेला मीही ठणठणीत दिसतो! चढावर, पेडल दाबून, तेव्हा बघायचं असतं! हे सगळं माझ्या मनात तयार होतं, अगदी ओळीनं. मी म्हणालो, "जावईबापू, चढा..." ते म्हणाले, "चढवणार मामा, चढवणार! शब्द दिला!"

घरी हिला मी सांगितलं होतं हं. सगळं सांगितलं होतं. ही एकटीच अशी आहे की मी थांबलो तर थांबते. लग्न ठरवायला हिला घेऊन आमच्या घरी आले तेव्हा मला विचारलं होतं, मुलगी पसंत आहे का, आणि मी हो म्हणायला एवढा वेळ लावला की हिचे वडील उठून चपला घालायला लागले, तेव्हा हीच म्हणाली होती, "बाबा, थांबा. ते बोलतायत." तर हिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अहो, मग मला काय सांगता? त्यांना सांगा ना. एक बॅटरी बदलायची, एवढंच ना?" मी म्हणालो, "उद्या." ती म्हणाली, "नक्की?" मी म्हणालो, "नक्की."

असे अकरा उद्या गेले. पण तुम्हीच सांगा, जावयाच्या हातातला पाना सासऱ्यानं काढून घ्यायचा? बरं दिसतं?

तिकडे अक्काचा फोन. "येतेस का गं आज? डोक्यावर घरटं झालंय. सून म्हणते, रविवारी कात्री लावते, सगळे कापूनच टाकते." ही कंगवा घेऊन दारात बसून राहिली.

शनिवार उजाडला. आणि व्हिडिओभाऊंना साक्षात्कार झाला. "वजन! हँ हँ, वजन कमी करा! वजन कमी, रेंज जास्त! व्हिडिओ आहे!" झालं. वेल्डरनं भंगारवाल्याकडून वजनकाटा आणला, गल्लीच्या मधोमध ठेवला, आणि गाडीचं एकेक हाड काढून काट्यावर. जावई म्हणाले, "मामा, तुमची नजर चांगली आहे, तुम्ही आकडा वाचा. व्हिडिओभाऊ लिहून घेतील."

आता इथं एक गोष्ट सांगायची राहिली. शेडमध्ये माझं दुसरं काम काय होतं, तर रोज सकाळी बॅटऱ्यांचे आकडे वाचायचे. कारकून वही घेऊन पार दुसऱ्या टोकाला बसायचा, आणि मध्ये दोन पंखे घरघरत असायचे, म्हणून ओरडून वाचायला लागायचं. "दोन नंबर, सहा पूर्णांक तीन!" की तिकडून तो, "सहा पूर्णांक तीन!" पस्तीस वर्षं! आयुष्यात मी न अडखळता, न थांबता काही बोललो असेन तर ते आकडे. आकडा दिसला की माझं तोंड आपोआप उघडतं. मला तिथं मध्ये कुणी तोडत नाही हो, म्हणून असेल.

तर छत ठेवलं. मी, "एकोणीस पूर्णांक दोन!" व्हिडिओभाऊ, "एकोणीस पूर्णांक दोन!" मागची सीट. "तेवीस पूर्णांक पाच!" "तेवीस पूर्णांक पाच!" गॅलऱ्या भरल्या. मला तुम्हाला खरं सांगू का? मजा यायला लागली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझं बोलणं कुणीतरी लिहून घेत होतं! आरसा, पुढची जाळी, ते प्लॅस्टिकचं स्टूलसुद्धा. "एक पूर्णांक चार!" मी असा रंगात आलेला.

जावई म्हणाले, "आता माणसं. माझे पासष्ट धरा." धरा! काट्यावर न चढता धरा! पोट बघा त्यांचं! आणि मग व्हिडिओभाऊ हिच्याकडे वळले. "काकू, या. लाजायचं काय त्यात? शास्त्र आहे हे."

हिनं माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मला वाटतं, ती थांबली होती. दोन शब्दांसाठी. मी म्हणालो, "चा..."

"चला, चला काकू!" वेल्डर म्हणाला.

ही चढली. गुडघ्याला हात लावून, एक पाय, मग दुसरा. व्हिडिओभाऊ म्हणाले, "काकू, तेवढा कंगवा खाली ठेवा, आकडा चुकेल." कुणीतरी वरून खुदकन हसलं. हिनं कंगवा ठेवला नाही. काटा हलला, थरथरला, थांबला, आणि मला आकडा दिसला.

"एक्क्याऐंशी पूर्णांक सहा!"

अख्ख्या गल्लीत घुमलं हो. दोन पंखे चालू असते तरी ऐकू गेलं असतं. आणि तिकडून व्हिडिओभाऊ, लिहिता लिहिता, "एक्क्याऐंशी पूर्णांक सहा!" आणि वरून एक पोरगी आईला विचारते, "किती गं?" आणि आई सांगते, "एक्क्याऐंशी."

आयुष्यात एकदाच झटकन बोललो मी. एकदाच.

ही काट्यावरून उतरली. मला वाटलं, आता बोलेल. चाळीस वर्षांचं सगळं बोलेल, बोलू दे, आपण ऐकू. सगळे माझ्याकडे बघत होते, जावई, वेल्डर, व्हिडिओभाऊ, सगळ्या गॅलऱ्या. कुणी हूं की चूं करत नव्हतं, आणि माझ्या लक्षात आलं की आता मला मध्ये तोडणारं कुणी नाही. मी अगदी सावकाश म्हणालो, "चार नंबर."

"काय चार नंबर, मामा?" जावई म्हणाले. "पुढं बोला ना! आम्ही ऐकतोय!"

पण जिला ऐकायचं होतं ती पहिल्या खांबाच्या पुढं गेली होती. कंगवा मुठीत, एक हात गुडघ्यावर. दुसरा खांब, तिसरा. गाडी पाचव्याला मरायची, ही पाचवा ओलांडून गेली. सातव्यापाशी खांबाला हात लावून उभी राहिली, मी इकडे श्वास धरून. आता वळेल, आता काहीतरी म्हणेल, निदान पाणी तरी मागेल, पाणी घालणं तर मला येतं...

पाणीसुद्धा मागितलं नाही. आठव्याकडे निघून गेली.