बाकीचे आठ साहेब

नाही गं, रागावून नाही तुमच्याकडे यायचं सोडलं — तुझ्या बाबांचं नि माझं भांडण? छे! वीस वर्षं एका टेबलावर डबा खाल्ला आम्ही. ते वर परदेशी पत्रांचं भाषांतर करायचे, मी खाली शिपाई — पण साधं टपाल नाही हं, कुलूपवाली बॅग. कुणावर हेरगिरीचा संशय आला की तपासवाले एक कागद काढायचे — एकच, नक्कल नाही. तो मी मोठ्या साहेबांकडे न्यायचा, त्यांनी माझ्यासमोर वाचायचा, सही करायची, कागद परत बॅगेत, की पुढचा साहेब. आत काय लिहिलंय ते मी बघायचं नाही. आणि नाही बघितलं, कधीच. बस ना, उठतेस कशाला?

मग कळलं कसं? साहेबच बोलले. बाबांच्या नावाचा कागद अकरा जणांकडे फिरला — चौथ्या साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं, म्हणाले, 'हा भाषांतरवाला, तू याच्याबरोबरच जेवतोस ना?' आणि मी — निघूनच गेलं बघ तोंडातून — 'नाही साहेब, नुसती तोंडओळख आहे.' ... हे सांगायचं नव्हतं तुला. असो. दुसऱ्या दिवसापासून मी डबा जागेवरच खायला लागलो. बाबांना जुन्या फायलींच्या खोलीत बसवलं. साहेब लोक जिन्यात भेटले की मान फिरवायचे.

सात महिन्यांनी दुसरा कागद. पहिल्याच साहेबांनी वाचून हुश्श केलं, 'सुटला बिचारा, काहीच नव्हतं.' इतकं बरं वाटलं मला! तीन सह्या झाल्या, मी चौथ्या साहेबांकडे निघालो, तर हेडक्लार्क म्हणाले, 'कुठे चाललास? यादीत तिघंच आहेत. तपास संपला, आता बाकीच्यांना कळवून काय करायचंय?' — म्हणजे संशय अकरा जणांना, सुटका तिघांना! ते आठ साहेब शेवटपर्यंत मान फिरवत राहिले. आणि बाबांना दोन्ही कागदांचा पत्ता नाही — आपलं काय चुकलं हेच शोधत बसले असतील.

मी सांगायचं होतं? कसं सांगणार, शपथ घेतलेली, तुरुंगात टाकलं असतं मला — हो, हो, कळतंय, अशी बघू नकोस. सांगायचं नव्हतंच काही. डबा घेऊन नुसता समोर जाऊन बसलो असतो, त्यांना कळलं असतं. त्याला कुठली शपथ आड येत होती? उद्या जाऊ, उद्या जाऊ — आणि ते गेलेच. कॅन्टीनवाला सांगत होता, समोरच्या खुर्चीवर शेवटपर्यंत कुणाला बसू दिलं नाही त्यांनी. माणूस यायचाय, म्हणायचे.

जा तू आता, बाळ. चहा राहू दे तसाच. दार ओढून घे.